गाड्यांची तोडफोड आणि चेहरा न दाखवणारे कॅमेरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात बिबवेवाडी, येरवडा, हडपसर, सिंहगड रस्ता, पलीकडे पिंपरी-चिंचवडच्या वस्त्या, तिकडे नाशिकचा सिडको भाग. रात्री टोळक्याने येऊन रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्याच्या बातम्या आपल्या अंकात सतत येत असतात. ‘घटना सीसीटीव्हीत कैद’ हे वाक्यही त्यात असतेच. पुढे ते फुटेज पाहिले की लक्षात येते, दुचाकीवरून आलेली तीन-चार माणसे दिसतात, हात वर जातो, काच खाली पडते. चेहरा मात्र एकाचाही ओळखू येत नाही. गाडीमालकाने हप्ते फेडून घेतलेली रिक्षा किंवा छोटी मोटार फुटलेली असते, सोसायटीने वर्गणी काढून कॅमेरे लावलेले असतात आणि तरीही हाती काही लागत नाही. कॅमेरे इमारतींत आणि गाड्यांत बसवणे हेच आमचे काम आहे. पैसे खर्च करूनही फुटेज निकामी का ठरते आणि ते उपयोगी कसे करता येईल, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र.

कॅमेरा दगड अडवत नाही, कोयताही अडवत नाही. दिसेल असा लावलेला कॅमेरा एखाद्या टवाळखोराला थोपवतो. दहशत माजवायलाच आलेले टोळके त्याला भीक घालत नाही. त्यामुळे कॅमेरा निवडताना विचारायचा प्रश्न एकच: गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा रात्री दोन वाजता ओळखू येईल का? विक्रेते मेगापिक्सेल सांगतात, पण खरा हिशोब वेगळा आहे. कॅमेरा जेवढी जागा दाखवतो तिच्या रुंदीच्या प्रत्येक मीटरला किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मिळतात, ते पाहायचे. या क्षेत्रातल्या युरोपीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणूस ओळखायला मीटरला २५० पिक्सेल लागतात. माहितीतला माणूस असेल तर १२५ पुरतात. २५ पिक्सेलवर फक्त ‘कोणीतरी आहे’ एवढेच कळते.

आता हे गणित पार्किंगमध्ये करून पाहू. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. त्याला २५०ने भागले की उत्तर येते साधारण पावणेआठ मीटर. म्हणजे चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी मावली की अनोळखी चेहरा गेला. घरोघरी बसवल्या जाणाऱ्या २.८ मिलिमीटर लेन्सचा कोन शंभर अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे तेवढी रुंदी कॅमेऱ्यापासून तीन-सव्वातीन मीटरवरच भरते. दहा मीटरवरची गाडी त्यात पूर्ण दिसते, शेजारच्या पाच गाड्याही दिसतात, पण दाराशी उभा असलेला माणूस कोण ते कळत नाही. तोच कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्सचा घेतला तर सात मीटरपर्यंत चेहरा मिळतो आणि १२ मिलिमीटरचा घेतला तर पंधरा मीटरपर्यंत. ‘जास्तीत जास्त जागा दिसली पाहिजे’ हा हट्ट बहुतेक सोसायट्यांच्या बैठकीत धरला जातो आणि तिथेच घोडे पेंड खाते. आमचे स्पष्ट मत असे की सगळे आवार दाखवणारा एक रुंद कॅमेरा ठेवावा, आणि येण्या-जाण्याच्या चिंचोळ्या वाटेवर, म्हणजे गेट, गल्लीचे तोंड, जिन्याखालची फट अशा ठिकाणी, अरुंद लेन्सचा दुसरा कॅमेरा लावावा. गाडी फोडतानाचा चेहरा मिळाला नाही तरी आत येतानाचा मिळतो, आणि दोन्ही चित्रणांतल्या वेळा व कपडे जुळवून माणूस एकच असल्याचे दाखवता येते.

कॅमेरा उंच लावला की कोणी काढून नेणार नाही, असे म्हणून तो दुसऱ्या मजल्याच्या सज्जाला टांगतात. सहा मीटरवरून खाली पाहिले की टोपी, टक्कल आणि खांदे दिसतात. चेहऱ्यासाठी अडीच ते तीन मीटर उंची ठेवावी आणि कॅमेऱ्याचा खाली झुकलेला कोन तीस अंशांच्या आत ठेवावा. एवढ्यावर तो हाताला लागू नये म्हणून घुमटाकार, आदळआपट सोसणारे कवच असलेला कॅमेरा घ्यावा आणि त्याच्याकडे तोंड करून दुसरा लावावा. पहिल्याला हात घालणारा दुसऱ्यात टिपला जातो.

ज्यांची गाडी सोसायटीत नसून रस्त्यावर उभी राहते, त्यांच्यासाठी समोरचे तळमजल्यावरचे दुकान सर्वात उपयोगी. दुकानाचा कॅमेरा सहसा स्वतःच्या शटरवर रोखलेला असतो. तो दहा-पंधरा अंश रस्त्याकडे वळवला तर शटरही दिसते आणि समोरच्या दोन गाड्यांची दारेही. चार गाडीमालकांनी मिळून दुकानदाराला एक जादा कॅमेरा व हार्ड डिस्क घेऊन दिली, तर तो नकार देण्याचे कारण नाही. पालिकेच्या किंवा महावितरणच्या खांबावर मात्र परवानगीशिवाय काहीही लावू नये. गाडीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात समोरच्याच्या घराची खिडकी येत असेल, तर सेटिंगमधून तेवढा भाग झाकून टाकावा. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या जवळपास प्रत्येक रेकॉर्डरमध्ये ती सोय असते. खासगी क्षणी स्त्रीचे चित्रण होणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेतले तर उद्या साक्षीला तो उभा राहणार नाही.

रात्रीचे फुटेज बिघडण्याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण शटरचा वेग, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो ते. अंधार पडला की कॅमेरा आपोआप शटर सावकाश करतो. चित्र उजळ दिसते, मालक खूश होतो, पण धावणारा माणूस पुसट होतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढे शटर उघडे असेल आणि माणूस सेकंदाला पाच मीटर वेगाने पळत असेल, तर एका चित्रात तो वीस सेंटिमीटर सरकलेला असतो. चेहऱ्याच्या जागी धुराचा पट्टा राहतो. शटर शंभराव्या भागावर बांधले की सरकणे पाच सेंटिमीटरवर येते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर या वेगात दिव्यांची फडफडही दिसत नाही. यामुळे चित्र काळवंडते, म्हणून दिवा वाढवावा लागतो, आणि तो वाढवलाच पाहिजे. वीस वॅटचा एलईडी फ्लडलाइट गाड्यांच्या रांगेवर पडेल असा, कॅमेऱ्याच्या बाजूने लावावा. समोरून लावला तर तो थेट लेन्समध्येच शिरतो.

दुसरे कारण इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. दिवा नसेल तर कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड एलईडीवर कृष्णधवल चित्र घेतो. या चित्रावरून कपड्यांचा रंग सांगू नये. अनेक काळे सिंथेटिक कपडे इन्फ्रारेड प्रकाश परतवतात आणि चित्रात फिके राखाडी, कधी जवळजवळ पांढरे दिसतात. ‘पांढरा टी-शर्ट घातलेला मुलगा’ असे जबाबात लिहून गेले आणि पकडलेल्याच्या घरी काळा शर्ट सापडला, की बचाव पक्षाच्या वकिलाचे काम झाले. फुटेज देतानाच ‘हे इन्फ्रारेड चित्रण आहे, रंग भरवशाचे नाहीत’ असे पोलिसांना लेखी सांगावे. इन्फ्रारेडच्या एलईडीपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि आठवड्याभरात लेन्ससमोर जाळे तयार होते. जाळ्यावर पडलेला प्रकाश परतून सगळे चित्र पांढरे करतो. पंधरा दिवसांनी एकदा मऊ ब्रशने झटकणे एवढाच त्यावर उपाय. पावसाळ्यात घुमटावर थेंब साचतात, म्हणून उघड्यावर बुलेट प्रकारचा, म्हणजे नळीसारखा लांबट, कॅमेरा वळचणीखाली लावलेला बरा.

गाडीचा नंबर टिपायचा असेल तर तो चेहऱ्याच्या कॅमेऱ्याकडून होत नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट प्रकाश थेट परत फेकते, त्यामुळे इन्फ्रारेडखाली तिचा पांढरा ठोकळा होतो. नंबरसाठी वेगळा अरुंद लेन्सचा कॅमेरा, शटर पाचशेव्या ते हजाराव्या भागावर, फक्त प्लेट दिसेल इतके अंधारे चित्र अशी मांडणी लागते. तोडफोड करायला येणारे बऱ्याचदा प्लेट काढून किंवा चिखल फासून येतात हे खरे. तरीही दुचाकीचे मॉडेल, मागच्या मडगार्डवरचे स्टिकर, तुटलेला आरसा, सायलेन्सरचा आकार यांवरून पोलीस गाडीपर्यंत पोहोचू शकतात.

जोडणीबद्दल थोडक्यात. नेटवर्क कॅमेऱ्याला कॅट-सिक्स केबल एका दमात शंभर मीटरपर्यंतच नेता येते. ती शुद्ध तांब्याचीच घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब अंतरावर वीज पुरवू शकत नाही, आणि रात्री इन्फ्रारेड पेटून भार वाढला की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. चित्र आणि वीज एकत्र नेणाऱ्या जुन्या थ्री-प्लस-वन केबलवर आणि बारा व्होल्टच्या एसएमपीएसवर (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्यावर) चालणाऱ्या कॅमेऱ्यांचेही हेच दुखणे. ‘दिवसा चालतो, रात्री जातो’ अशी तक्रार असेल तर आधी कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर (वीज मोजायचे यंत्र) लावून व्होल्टेज पाहावे. जोडाचा भाग हवाबंद डबीत ठेवावा आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाते. रेकॉर्डर, स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर चार कॅमेऱ्यांचा संच जेमतेम पाऊण तास तग धरतो, त्यामुळे भारनियमनाच्या भागात मोठी बॅटरी लागेल. नवा कॅमेरा घेताना आणखी एक पाहावे: ९ एप्रिल २०२५पासून भारतात सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. प्रमाणन क्रमांक मागून घ्यावा, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

साठवणुकीचा हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चित्रण दाबून साठवणाऱ्या एच-२६५ पद्धतीने, सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने दिवसाला २१.६ जीबी भरतो. चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइट डिस्क साधारण अकरा दिवस पुरते, दोन टेराबाइटची बावीस-तेवीस दिवस. गाडी गावाला जाताना ठेवून गेलेला माणूस पंधरवड्याने परत येतो, तेव्हा अकरा दिवसांच्या डिस्कवरून त्याची रात्र पुसलेली असते. म्हणून दोन टेराबाइटच्या खाली उतरू नये. डिस्कही सतत लिहिणे सोसणारी, देखरेखीसाठी बनवलेलीच हवी. संगणकातून काढलेली जुनी डिस्क वर्षभरात दगा देते.

आता घड्याळ. याकडे कोणी पाहत नाही आणि न्यायालयात सगळ्यात आधी यावरच बोट ठेवले जाते. अनेक रेकॉर्डर चिनी वेळेवर ठेवलेले येतात, जी आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रेकॉर्डरमधली नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली की वीज जाताच तारीख थेट २००० सालावर किंवा आणखी मागे जाते. वेळविभाग साडेपाच तासांवर ठेवावा, इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एनटीपी सोय चालू करावी आणि महिन्यातून एकदा पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून पाहावी. चूक घटनेनंतर सापडली तर घड्याळ लगेच दुरुस्त करू नये. आधी रेकॉर्डरचा पडदा आणि मोबाइलची अचूक वेळ एकाच फोटोत घ्यावी, किती मिनिटांचा फरक आहे ते पंचनाम्यात लिहून घ्यावे आणि मगच हात लावावा.

गाडीतल्या डॅशकॅमबद्दल गैरसमज फार आहेत. पुढच्या काचेवरचा कॅमेरा बॉनेटपुढचे पाहतो, मागचा डिकीमागचे. दारे, बाजूच्या काचा आणि आरसे या दोघांनाही दिसत नाहीत, आणि किल्लीने ओढलेले ओरखडे नेमके दारांवरच असतात. धक्का ओळखणारा जी-सेन्सर काचेवर दगड बसला की जागा होतो, पण पत्र्यावर ओढलेली किल्ली त्याला जाणवत नाही. गाडीभोवती दिसणारे ३६० अंशांचे कंपनीचे कॅमेरेही बहुतेक गाड्यांत गाडी बंद असताना काही नोंदवत नाहीत. तेव्हा डॅशकॅम हा गल्लीतल्या कॅमेऱ्याच्या जोडीला ठेवावा, त्याच्या जागी ठेवू नये. टोळके गाड्यांच्या रांगेवरून चालत येते, त्यामुळे मागच्या गाडीचा पुढचा कॅमेरा पुढच्या गाडीचा साक्षीदार ठरतो. एका रांगेतल्या तीन मालकांनी डॅशकॅम लावले तर एकमेकांच्या गाड्या बऱ्याच अंशी टिपल्या जातात. गाडीवर कापडी कव्हर घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कव्हरखालचा डॅशकॅम रात्रभर कापड टिपतो.

पार्किंगमध्ये डॅशकॅम चालवायचा तर वीज गाडीच्या बॅटरीतून घ्यावी लागते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ती मिळत नाही, कारण बहुतेक गाड्यांत किल्ली काढताच तो बंद होतो. यासाठी हार्डवायर किट मिळते. त्यात तीन तारा असतात: एक कायम चालू विजेची, एक किल्लीबरोबर चालू होणारी आणि एक अर्थची. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगावर न जाता टोकावरची चिठ्ठी वाचावी. स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडून मल्टिमीटरने गाडी बंद असतानाही बारा व्होल्ट दाखवणारा फ्यूज शोधावा. इथे घाई नको. गाडी कुलूप करून वीस मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे. नव्या गाड्यांतला नियंत्रक थोड्या वेळाने काही वाहिन्या झोपवतो, आणि पहिल्या मिनिटाला ‘कायम’ वाटलेली वीज मग नाहीशी होते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन नियंत्रकाच्या फ्यूजला हात लावू नये.

मूळ वायरिंग कापून किंवा सोलून जोड देऊ नये, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्याच खाचेत बसून जादा जोडणी देणारा तुकडा, वापरावा. टॅपच्या खालच्या घरात गाडीचा मूळ फ्यूज, वरच्या घरात कॅमेऱ्याचा दोन किंवा तीन अॅम्पिअरचा. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा प्रवाहही मूळ फ्यूजमधून जातो, म्हणून फ्यूज काढलेल्या खाचेत कोणत्या पात्यावर वीज येते ते आधी मोजावे आणि टॅपचा वीज घेणारा पाय त्या बाजूला ठेवावा. अर्थची तार रंग नसलेल्या, पत्र्यात घट्ट बसलेल्या बोल्टखाली आवळावी. पुढच्या खांबातून तार वर नेताना तिथे पडदा-एअरबॅग असेल तर तार तिच्या मागून न्यावी. पुढून नेलेली तार एअरबॅग उघडताना अंगावर येऊ शकते.

बॅटरी किती पुरेल? दोन कॅमेऱ्यांचा संच पार्किंगमध्ये साधारण ०.३ अॅम्पिअर खातो, म्हणजे बारा तासांत साडेतीन अॅम्पिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अॅम्पिअर-तासांची असते आणि तिची निम्म्याहून जास्त वीज काढली की ती लवकर मरते. गाडीचा स्वतःचाही थोडा खर्च चालू असतो. म्हणजे नवी बॅटरी दोन रात्री आरामात काढेल. जुनी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करेल. किटमध्ये व्होल्टेज पडले की कॅमेरा बंद करण्याची सोय असते. आराम करत असलेली बॅटरी १२.६ व्होल्टला भरलेली, १२.२ला निम्मी आणि १२.०ला पाव असते, म्हणून बंद होण्याची मर्यादा १२.२वर ठेवावी. ११.८वर ठेवू नये. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवणाऱ्यांची बॅटरी रात्रीची तूट भरून काढत नाही. त्याला किमान अर्धा तास चालवणे लागते. फक्त रविवारी गाडी काढणाऱ्यांनी पार्किंगमधले चित्रण लावूच नये किंवा वेगळी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी जोडावी.

कमी वीज खाणारी ‘धक्का बसला की जागा होणारी’ पद्धत विक्रेते आवर्जून सुचवतात. तिची अडचण अशी की जागे व्हायला काही सेकंद जातात. पहिला दगड बसतो, कॅमेरा उठतो, तोवर माणूस पाठ फिरवून चालू लागलेला असतो. ज्या कॅमेऱ्यात धक्क्याआधीचे पाच-दहा सेकंदही जपले जातात तोच घ्यावा, वीज थोडी जास्त गेली तरी चालेल. आतली वीज साठवण बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरची (उष्णता जास्त सोसणाऱ्या भागाची) असलेलाच कॅमेरा घ्यावा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांवर जातो आणि लिथियम बॅटरी फुगते. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले हवे, कारण मोबाइलचे साधे कार्ड सततच्या लिहिण्याने काही महिन्यांत निकामी होते आणि कॅमेरा मात्र दिवा लावून चालू असल्याचे दाखवत राहतो. एक कॅमेरा तासाला साडेसहा-सात जीबी भरत असेल तर ६४ जीबी कार्ड दहा तासही पुरत नाही. दोन कॅमेऱ्यांना १२८ तरी घ्यावे. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. जी-सेन्सर फार संवेदनशील ठेवला तर खड्ड्यांच्या धक्क्यांनी बनलेल्या, आपोआप न पुसल्या जाणाऱ्या क्लिप कार्ड भरून टाकतात आणि खरी घटना लिहायला जागा उरत नाही.

रस्त्यावर उभ्या गाडीत डॅशकॅम आरशामागे दडेल असा लहान, पडदा व लुकलुकणारा दिवा बंद करून ठेवावा. काचेतून चमकणारा महागडा कॅमेरा हेच काच फोडण्याचे कारण होऊ शकते.

आता घटना घडल्यावर काय करावे. कॅमेरा बंद करून कार्ड आधी काढून घ्यावे, मग गाडी हलवावी. नाहीतर पोलीस ठाण्यापर्यंतच्या प्रवासात जुने पुसले जाते. रेकॉर्डरमधून घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचे चित्रण मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर काढावे. पडद्यावर चाललेल्या फुटेजचे मोबाइलने चित्रण करून व्हॉट्सअॅपवर पाठवणे ही सार्वत्रिक सवय आहे आणि तिनेच पुरावा सर्वाधिक खराब होतो. चित्र दाबले जाते, मूळ फाइलची माहिती जाते, आणि हॅश जुळत नाही.

हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळख. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी ती बदलते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात ही हॅश, उपकरणाची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहावे लागतात. त्याचा पहिला भाग उपकरण सांभाळणाऱ्याने, म्हणजे सोसायटीच्या सचिवाने किंवा दुकानदाराने, आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात स्पष्ट केले होते. तिथेही प्रश्न निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच होता. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून डॅशकॅमचे मूळ कार्ड पाकिटात बंद करून, वर सही-तारीख टाकून ठेवावे आणि गाडीत नवे कार्ड घालावे.

तक्रार देताना नुकसानीचा लेखी अंदाज गॅरेजमधून घेऊन जावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४मध्ये आगळीकीची, म्हणजे मालमत्तेच्या जाणूनबुजून केलेल्या नुकसानीची, शिक्षा रकमेवर ठरते: वीस हजारांच्या खाली सहा महिन्यांपर्यंत, वीस हजार ते एक लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्यावर पाच वर्षांपर्यंत. वीस हजारांखालचा साधा प्रकार अदखलपात्र म्हणून नोंदवला जातो आणि तिथेच थांबतो. दहा गाड्या फुटल्या असतील तर सगळ्यांचे अंदाज एकत्र जोडून एकाच वेळी तक्रार द्यावी. फुटेजमध्ये हातात कोयता दिसत असेल तर ते जबाबात आवर्जून लिहून घ्यावे, शस्त्र अधिनियमाची कलमेही लागू शकतात. आग लावली असेल तर कलम ३२६खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

विम्याचे दोन शब्द. दुष्टबुद्धीने केलेले नुकसान आणि दंगल दोन्ही सर्वंकष पॉलिसीत येतात. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. काचेवर घसारा कापला जात नाही, प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के कापला जातो. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. ५० टक्के बोनसमुळे वर्षाला सहा हजार वाचत असतील, तर चार हजारांच्या एका बाजूच्या काचेसाठी दावा करणे तोट्याचे आहे. मोठे नुकसान असेल तर कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काचेचे तुकडे झाडू नयेत.

शेवटी पोलीस आयुक्तालये आणि महापालिकांकडे आमच्या काही ठोस मागण्या आहेत. कलम ६३च्या प्रमाणपत्राचा नमुना मराठीत, भरून दाखवलेल्या उदाहरणासह, प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि संकेतस्थळावर ठेवावा. फुटेज स्वीकारताना ठाण्यातच नागरिकासमोर हॅश काढून पोचपावतीवर लिहावी. त्याला साधा संगणक आणि दोन मिनिटे लागतात. मोहल्ला समितीच्या बैठकीत दुकानदारांना ‘कॅमेरे लावा’ एवढेच सांगण्याऐवजी लेन्स, उंची आणि शटर किती हवे ते सांगणारा एक कागद द्यावा. आणि ज्या गल्ल्यांत तोडफोड झाली आहे तिथले बंद पथदिवे महापालिकेने आठ दिवसांत सुरू करावेत. अंधारात शंभराव्या भागाचे शटर चालत नाही, आणि त्याशिवाय पळणाऱ्याचा चेहरा मिळत नाही.

आपले,
इमारतींत व वाहनांत कॅमेरे बसवणारे काही तंत्रज्ञ,
पुणे